नाण्यांचीं छायाचित्रें व कॅमेऱ्याची निवड

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें उभीं राहतात. नाण्याची आठवण बहुधा शेवटीं होते, आणि तीहि तें सोन्याचें असल्यास. वास्तविक पाहतां राजाचें नांव, त्याचें बिरुद, त्याच्या सत्तेची सीमा, धातूची टंचाई आणि सावकारांचा विश्वास या सर्वांची साक्ष एकच वस्तु देत असेल तर ती नाणें होय. परंतु या साक्षीदाराच्या कपाळीं एक दुर्दैव लिहिलेलें आहे. शिलालेखाचा फार तर पाटा-वरवंटा होतो. नाणें वितळलें कीं त्याचें नांवनिशाणहि उरत नाहीं. चांदीचा भाव चढला कीं खेडोपाडींच्या पेट्यांतून जुने रुपये सराफाच्या मुशीकडे चालूं लागतात, आणि त्यांच्याबरोबर इतिहासाचा एक एक तुकडा जातो. अशा वेळीं नाण्याचें चित्र घेऊन ठेवणें ही निव्वळ हौस राहत नाहीं. तें चित्र कशानें व कोणत्या रीतीनें घ्यावें याचा विचार आम्हांस भंडारा जिल्ह्यांतील एकोडी या गांवीं, एका पत्र्याच्या डब्यापुढें बसून, करावा लागला. त्या निमित्तानें जें वाचलें, जें चुकलें व जें साधलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

एकोडी हें साकोली तालुक्यांतील गांव. धानाच्या बांध्या, तलाव व बोड्या यांनीं भरलेला हा झाडीपट्टीचा मुलूख. याच जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी आहे. तेथें इ. स. १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं उत्खनन केलें, आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून बौद्ध स्तूप उजेडांत आला. भार वंशांतील भगदत्त राजाचा लेख आणि महाक्षत्रप रूपिअम्म याच्या नांवाचा छायास्तंभ हेहि पवनीचेच. अशा जिल्ह्यांत जुन्या घरच्या डब्यांतून काय निघेल याचा नेम नाहीं, असें मनांत धरून आम्ही कांहींशा लोभानें तेथें गेलों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

डब्यांत प्राचीन असें कांहीं निघालें नाहीं. बिस्किटांचा जुना डबा, आंत एक विटकी चंची, आणि चंचींत एकंदर ६१ नाणीं होतीं. त्यांत तांब्याचीं २३. कंपनी सरकारचे १८३५ व १८४० या सालांचे, राणी व्हिक्टोरियाचे आणि पंचम जॉर्जचे मिळून ३१ रुपये. आणि उरलेले सात रुपये जाड, ओबडधोबड, फारशी अक्षरांचे तुकडे मिरविणारे. हे सात नागपूरकर भोंसल्यांच्या अमदानींतले असावेत असा आमचा तर्क झाला. भोंसल्यांनीं मुलूख आपल्या तरवारीवर मिळविला, तरी रुपयावर नांव दिल्लीच्या बादशहाचेंच ठेविलें. इतर मराठी सरदारांची रीतहि बहुधा हीच. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. पुढें कंपनीचा व राणीचा रुपया सर्वत्र चालूं लागला, आणि जुना रुपया हळूहळू पेटींत गेला.

त्या घरचे कर्ते पुरुष नुकतेच निवर्तले होते व तिघां भावांची वांटणी व्हावयाची होती. धाकट्याचें मत असें कीं, सराफाकडे वजन करावें व चांदीची रक्कम तीन ठिकाणीं वांटावी. मधल्याची त्यास ना नव्हती. थोरल्याचें मन धजेना. त्यांची वृद्ध आई एवढेंच म्हणाली, "त्यांतला एक माझ्या सासूच्या पोतीतला आहे, बाबू. कोनता तो आतां मलेबी नाही सांगता येत." अखेर तडजोड ठरली ती ही: आधीं प्रत्येक नाण्याचें चित्र घ्यावें, मग वांटणी करावी. तें काम आम्हीं पत्करलें.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवतों, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. हीं नाणीं घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीं होतीं. तींच जर शेत नांगरतांना जमिनींतून निघालीं असतीं, तर १८७८ च्या गुप्तनिधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास देणें भाग होतें. शिवाय शंभर वर्षांवरील नाणें १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याखालीं येतें, व तें देशाबाहेर पाठविण्यास खाजगी माणसास मनाई आहे. घरांतलें नाणें वितळविण्याच्या आड मात्र फारसें कांहीं येत नाहीं. म्हणूनच चित्राची निकड.

पहिल्या खेपेस आम्हीं जी चूक केली ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. येण्यापूर्वीं आम्हीं पत्रांत लिहिलें होतें: "चित्रें घ्यावयाचीं आहेत, नाणीं तयार ठेवावींत." घरांतल्या सुनेनें या वाक्याचा जो सरळ अर्थ होतो तोच केला. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. भांडें पाहुण्यापुढें ठेवावयाचें तर चिंच व राख लावून लखलखीत करावयाचें, हा तेथील गृहिणीचा धर्म. तिनें तेवीसहि तांब्याचीं नाणीं चिंचेनें घांसून ठेविलीं. आम्हीं डबा उघडला तों तीं नव्या तांब्यासारखीं चमकत होतीं! तांब्यावर शतकभरांत जो काळसर-तपकिरी थर चढतो तो मळ नव्हे. तें नाण्याचें कवच असतें. अक्षरांच्या खोलगट जागीं तो दाट व उंचवट्यावर विरळ राहतो, आणि त्यामुळेंच झिजलेलें अक्षरहि डोळ्यांस वेगळें दिसतें. चिंचेच्या आम्लानें तो थर विरघळला, राखेनें अक्षरांच्या कडा बोथटल्या. ती माउली आमच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनें पाहत होती. दोष तिचा नव्हता. आमच्या एका ढिल्या शब्दाचा होता. नाण्यास चित्रापूर्वीं कांहींहि लावूं नये, हें वाक्य आम्हीं त्या दिवसापासून प्रत्येक पत्राच्या आरंभीं लिहितों.

आतां थोडें मागें जाऊं. कॅमेरा हातीं येण्यापूर्वीं नाण्याचें चित्र म्हणजे हातानें काढलेली आकृति. बनारस व कलकत्ता येथील टांकसाळींत धातुपरीक्षकाचें काम केलेल्या जेम्स प्रिन्सेपनें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत नाण्यांचे चित्रपट छापले, ते पुष्कळसे स्वतःच्या हातानें रेखाटून. १८३७ सालीं ब्राह्मी लिपीचें कोडें त्यानें सोडविलें, त्यांतहि नाण्यांवरील अक्षरांचें साह्य झालें. परंतु हातच्या आकृतीस एक मर्यादा असते. रेखाटणारा जें ओळखतो तें तो ठळक काढतो. जें ओळखत नाहीं तें त्याच्या हातून वांकडें जातें किंवा गळतें. म्हणजे वाचन आधीं आणि चित्र मागून, असा उलटा क्रम होऊन बसतो. व पुढील अभ्यासकास नाणें पाहावयास मिळत नाहीं, पहिल्याचें मत तेवढें मिळतें.

मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं तींत भाग घेतला. भाऊ दाजी स्वतः नाण्यांचे व लेखांचे शोधक. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं क्षत्रपांच्या नाण्यांचा संग्रह केला व १८८८ त मरतेसमयीं आपलीं नाणीं ब्रिटिश म्यूझियमला दिलीं. कॅमेरा आणि नाणें हीं दोन्हीं अशीं एका घरांत नांदूं लागलीं, तरी नाण्याचें चांगलें छायाचित्र निघण्यास बराच काळ जावा लागला. याचें कारण रसायनांत आहे. त्या काळच्या कांचा निळ्या प्रकाशास जाग्या व तांबड्या प्रकाशास आंधळ्या असत. त्यामुळें तांब्याचें व सोन्याचें नाणें त्यांच्यावर काळेंकुट्ट उतरे, आणि घांसलेल्या चांदीवर प्रकाशाचा लखलखाट होऊन राजाचें नाकच नाहींसें होई. १८७३ सालीं फोगेल नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें रंगद्रव्य मिसळून कांचेस हिरवा-पिवळा प्रकाश दाखविण्याची युक्ति शोधली. तरी अडचण पुरती सरली नाहीं.

मोठ्या संग्रहालयांनीं यावर जो तोड काढला तो मोठा मासलेवाईक आहे. ते नाण्याचें छायाचित्र घेतच नसत. नाण्याचा ठसा घेऊन त्यावरून पांढऱ्या प्लास्टरची प्रतिकृति करीत, आणि छायाचित्र त्या प्रतिकृतीचें घेत. प्लास्टर सर्वत्र सारखें पांढरें, त्यास चकाकी नाहीं, डाग नाहीं. एका बाजूनें दिवा लावला कीं उंच-सखल भाग छायेनें स्पष्ट होतो. रॅप्सनचा आंध्र व पश्चिम क्षत्रप नाण्यांचा १९०८ चा ग्रंथ याच परंपरेंतला. या रीतीनें आकार मिळाला, पण धातूचा रंग, गंज, भेगा व चिरा हरपल्या. तथापि त्या ग्रंथकारांनीं एक नियम कटाक्षानें पाळला: सारीं नाणीं एकाच प्रमाणांत, बहुधा मूळ आकाराइतकीं, छापावयाचीं. आमच्या मतें कॅमेऱ्याच्या निवडीचें सारें रहस्य या नियमांत सांठविलेलें आहे. तें कसें, हें महाराष्ट्रांतीलच दोन ठेव्यांवरून दिसेल.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सांपडला. संख्या तेरा हजारांवर. आणि त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हा मारलेला! नाण्याच्या एका अंगास नहपानाचा मुखवटा, दुसऱ्या अंगास बाण व वज्र. त्यांवरून सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर व उज्जयिनीचें चिन्ह. विजेत्यानें पराजिताचें नाणें वितळविलें नाहीं, त्याच्या तोंडावर आपली मुद्रा उमटवून तेंच चालविलें. या ठेव्यानें नहपान व गौतमीपुत्र यांची समकालीनता नाण्यांच्याच तोंडून वदविली. आतां असें नाणें कॅमेऱ्यापुढें ठेवून पाहा. एका बाजूनें प्रकाश टाकला तर वरचा शिक्का उठून दिसतो व खालचा बुडतो. दिवा फिरविला कीं खालच्या लेखाचीं दोन अक्षरें वर येतात. एकाच चित्रांत दोन्ही राजे सहसा मावत नाहींत. २००१ सालीं टॉम माल्झबेंडर व त्याच्या सहकाऱ्यांनीं यासाठींच उपयोगीं पडेल अशी एक रीत प्रसिद्ध केली: कॅमेरा व वस्तु स्थिर ठेवून दिवा तेवढा निरनिराळ्या दिशांस न्यावयाचा, अनेक चित्रें घ्यावयाचीं व गणकयंत्रानें तीं एकत्र करून मग पडद्यावर हवा तसा प्रकाश फिरवावयाचा. यंत्र साधें कां असेना, कॅमेरा हालतां कामा नये हीच मुख्य अट.

दुसरा ठेवा विदर्भांतला. १९३९ सालीं तऱ्हाळा येथें, म्हणजे त्या वेळच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांत, सातवाहनांचीं मिश्रधातूचीं शेंकडों नाणीं मिळालीं. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांचा अभ्यास केला, आणि कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि अशीं पुराणांच्या याद्यांत न आढळणारीं नांवें पुढें आणिलीं. त्या नाण्यांवर राजाचा संपूर्ण लेख क्वचितच असतो. ठशाचा सांचा मोठा व धातूची चकती लहान, त्यामुळें एकावर लेखाचा आरंभ उमटतो, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेंवट. दहा नाणीं शेजारीं मांडून, एकाचें अक्षर दुसऱ्याच्या अक्षरास जुळवीत जावें तेव्हां राजा आपलें नांव सांगतो. हेंच काम चित्रांवरून करावयाचें असेल तर दहाहि चित्रें एकाच प्रमाणाचीं, एकाच अंगाच्या प्रकाशांत व नेमकीं वरून घेतलेलीं असलींच पाहिजेत. एक लहान, एक मोठें, एक तिरपें असेल तर तीं दहा सुंदर चित्रें मिळूनहि एक राजा उभा करणार नाहींत.

एकोडीच्या सात रुपयांची गोष्ट तीच होती. भोंसल्यांच्या रुपयासहि सांचा मोठा व चकती लहान. तेव्हां आम्हांस हवा होता तो कॅमेरा असा कीं, जो सात वेळां तेंच काम तंतोतंत त्याच रीतीनें करील. झगझगीत चित्र काढणारीं यंत्रें बाजारांत पुष्कळ आहेत. एकनिष्ठ यंत्र निवडावयास थोडा हिशेब करावा लागतो.

१८३५ च्या कायद्यानें रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरलें. त्याचा व्यास सुमारें ३० मिलिमीटर. क्षत्रपांचें चांदीचें नाणें याच्या निम्म्या व्यासाचें. कॅमेऱ्यांत ज्या तुकड्यावर चित्र पडतें त्यास सेन्सर म्हणतात. मोठ्या जातीच्या कॅमेऱ्यांत तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा, मध्यम जातींत अदमासें २४ बाय १६ चा असतो. मध्यम सेन्सरवर रुपया पुरता मावण्यास तो मूळ आकाराच्या निम्मा उतरला म्हणजे पुरे. क्षत्रपाचें नाणें मात्र मूळ आकाराइतकेंच उतरलें पाहिजे. साध्या भिंगास इतकें जवळ जातां येत नाहीं. म्हणून पहिली अट ही कीं, मूळ आकाराइतकें चित्र पाडणारें, ज्यास दुकानदार मॅक्रो म्हणतात तें भिंग असावें. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत हेंच काम भाता दुप्पट लांबवून होत असे. आणि भाता दुप्पट झाला कीं कांच चौपट वेळ उघडी ठेवावी लागे. आजचें यंत्र हा हिशेब मुकाट्यानें करतें, पण नियम बदललेला नाहीं.

दुसरी अट अंतराची. ५० ते ६० मिलिमीटर केंद्रांतराचें मॅक्रो भिंग स्वस्त व चांगलें असतें. परंतु तें नाण्याच्या इतकें जवळ जातें कीं, त्याची स्वतःची सावली नाण्यावर पडते व दिव्यास वाट उरत नाहीं. १०० मिलिमीटरच्या आसपासचें भिंग घेतल्यास मूळ आकाराच्या चित्रांतहि मध्यें सात-आठ अंगुळें जागा राहते. नाण्याचें चित्र दिव्यावर अवलंबून. तेव्हां ही सात अंगुळें विकत घेण्यास थोडे अधिक पैसे पडले तरी तो खर्च वायां नाहीं. ज्यांस तेवढा खर्च नको त्यांनीं साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागें पोकळ नळी बसवावी. २५ मिलिमीटरची नळी लावली कीं चित्र निम्म्या आकाराचें पडतें. रुपयास तेवढें पुरतें.

तिसरी गोष्ट सेन्सरवरील बिंदूंच्या संख्येची. जाहिराती हिच्यावरच जोर देतात, आणि येथेंच पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात. एक कोटि वीस लक्ष बिंदूंच्या जुन्या कॅमेऱ्यांतहि रुपयाच्या उंचीस सुमारें २,६०० बिंदू मिळतात. म्हणजे मिलिमीटरास पंच्याऐंशीच्या घरांत. तें चित्र उत्तम छपाईंत बावीस सेंटिमीटर व्यासाचें, या मासिकाच्या पानाएवढें, निघूं शकतें. याहून अधिक कोणास हवें आहे? तेव्हां जुनें, वापरलेलें अंग घ्यावें आणि वांचलेला पैसा भिंगांत घालावा, हाच आमचा सल्ला. मात्र पडद्यावर चित्र मोठें करून हातानें स्पष्टता साधण्याची सोय त्या अंगांत असावी. २००८ पासून आरशावांचून चालणारे कॅमेरे निघाले, त्यांत ही सोय उपजतच आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत चित्र घेतांना आरसा उडतो व त्याचा हादरा बसतो. त्यासाठीं आरसा आधींच वर ठेवण्याची सोय वापरावी आणि कळ बोटानें न दाबतां दोन सेकंदांच्या विलंबानें सोडावी.

चौथी अट छिद्राची. इतक्या जवळून पाहतां भिंगास एका वेळीं फारच थोडी खोली स्पष्ट दिसते. मूळ आकाराच्या चित्रांत, एफ-८ छिद्रास, एक मिलिमीटराहूनहि कमी. नाणें किंचित् तिरपें असलें कीं एक कड स्पष्ट व दुसरी धुरकट. छिद्र फार बारीक करावें तर प्रकाश फांकून सारेंच चित्र मऊ पडतें. म्हणून एफ-८ ते एफ-११ वर थांबावें व तिरपेपणाच काढून टाकावा. याची एक सोपी युक्ति आहे. नाण्याच्या जागीं लहानसा आरसा ठेवावा व कॅमेऱ्यांतून पाहावें. भिंगाचें स्वतःचें प्रतिबिंब बरोबर मध्यभागीं दिसलें कीं कॅमेरा नाण्यावर काटकोनांत आला.

येथें वाचक विचारतील, सर्वांच्या खिशांत फोन असतां एवढा खटाटोप कशास? थोरल्या बंधूंच्या मुलानेंहि आम्हांस हेंच विचारिलें, व आमच्यादेखत एक चित्र घेऊन दाखविलें. प्रथमदर्शनीं तें आमच्या चित्राहून देखणें होतें. पण फोनचें भिंग आखूड असल्यानें तें नाण्यास जवळजवळ चिकटतें व आपलीच छाया पाडतें. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, फोन चित्रास आपण होऊन सजवितो. कडा गडद करतो, पोत गुळगुळीत करतो. झिजलेल्या अक्षराच्या बाबतींत हा प्रिन्सेपच्या काळचाच दोष नव्या वेषांत परत येतो: यंत्रास जें वाटतें तें ठळक, जें कळत नाहीं तें पुसट. तरीहि ज्याच्यापाशीं फोनच आहे त्यानें हात जोडून बसूं नये. पुस्तकांच्या दोन चळतींवर फोन आडवा ठेवावा, नाण्यापासून वीतभर तरी वर; दूरचें भिंग असल्यास तें वापरावें; शेजारीं मोजपट्टी ठेवावी. सराफाच्या मुशीपेक्षां फोनचें चित्र सहस्रपट बरें.

कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा दिवा. प्रकाश नेहमीं नाण्याच्या वरच्या अंगानें, बहुधा डाव्या कोंपऱ्याकडून यावा. खालून आला तर डोळा फसतो व उंच अक्षरें खोदल्यासारखीं दिसतात. झिजलेल्या नाण्यास दिवा खालीं, जवळजवळ आडवा ठेवावा. संध्याकाळच्या उन्हांत सपाट वाटणाऱ्या शेताच्या धुऱ्या जशा उठून दिसतात तशीं बुजलेलीं अक्षरें उठतात. चकचकीत नाण्यास उलट उपाय: भिंग व नाणें यांच्यामध्यें साधी कांच पंचेचाळीस अंशांत धरावी व दिवा बाजूनें लावावा, कांचेवरून परतलेला प्रकाश सरळ वरून नाण्यावर पडतो. चिंचेनें घांसलेल्या त्या तेवीस नाण्यांस आम्हांस हाच उपाय करावा लागला. चित्राबरोबर वजन, व्यास आणि पुढची बाजू सरळ धरली असतां मागची कोणत्या दिशेस आहे, एवढें लिहून ठेवावें. नाशिकजवळ अंजनेरी येथें परमेश्वरीलाल गुप्त व के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नानें जी नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली, तिनें नाण्यांच्या छायाचित्रांचा संग्रह हेंच आपलें एक मुख्य कार्य मानिलें. नाणीं जगभर विखुरलेलीं असतात. एके ठिकाणीं येतात तीं त्यांचीं चित्रेंच.

दोन महिन्यांनीं आम्ही पुन्हा एकोडीस गेलों. या वेळीं वापरलेलें जुनें अंग, १०० मिलिमीटरचें भिंग, आणि एका बंद पडलेल्या छायाचित्रशाळेंतील एन्लार्जरचा खांब कॅमेरा टांगण्यास बरोबर नेला होता. ओसरीवर दार लोटून, काळ्या कापडावर बाटलीचें बूच ठेवून त्यावर एक एक नाणें मांडलें. ६१ नाणीं, दोन बाजू, म्हणजे १२२ चित्रें, झिजलेल्यांचीं आणखी. दोन दिवस लागले. सात रुपयांचीं चित्रें एका प्रमाणांत शेजारीं मांडतां त्यांपैकीं दोहोंच्या एकाच अक्षरास एकाच ठिकाणीं बारीक चीर दिसली. सांच्यास गेलेली ती चीर! म्हणजे ते दोन रुपये एकाच सांच्याखालून निघालेले, आणि बहुधा एकाच थैलींतून या घरीं आलेले. नुसत्या डोळ्यांनीं हें आम्हांस कधींच कळलें नसतें. लेखाचे तुकडे जुळवून वाचण्याचें काम फारशी जाणणाऱ्या एका मित्राकडे दिलें आहे.

आजी सारा वेळ उंबरठ्याशीं बसून होत्या. "बाबू, चेहरे तं मिटलेच आहेत, फोटोत का दिसन?" असें त्यांनीं पहिल्या दिवशीं विचारिलें होतें. दुसऱ्या दिवशीं राणीच्या एका रुपयावर आडवा प्रकाश टाकतांच कडेवर डाकाचा खडबडीत डाग उमटला. तेथें पूर्वीं कडी जोडलेली असली पाहिजे. आम्हीं पडदा त्यांच्यापुढें धरला. त्यांनीं डागावर बोट ठेविलें व बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हाच तो."

वांटणी ठरल्याप्रमाणें झाली. दिवाळीनंतर थोरल्यांचें पत्र आलें. धाकट्यास मुलीच्या शिक्षणाची निकड होती. त्याच्या वांट्याचे रुपये वितळले, त्यांत त्या जोडीपैकीं एक होता. त्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ज्यानें तें नाणें पेटींत ठेविलें त्यानेंहि तें अडीअडचणीसाठींच ठेविलें असेल. आजींचा रुपया त्यांच्यापाशीं आहे. वितळलेल्या रुपयाचें वजन, व्यास व चित्र आमच्या वहींत आहे. त्याची जोडी थोरल्यांच्या घरीं आहे. आणि सांच्याची ती चीर दोहोंस अजून एकत्र बांधून आहे. वाचकांच्या घरीं असा डबा असल्यास त्यांनीं तो या सुटींत उघडावा, नाण्यांस चिंच लावूं नये, आणि वांटणीची वाट न पाहतां चित्रें घ्यावींत.